हवालदारची हजेरी

हवालदार कुठल्याही खोलीत शिरली की आधी माणसं मोजायची. कशी आहेस, बाहेर काय गारठा आहे, चहा टाकू का, हे सगळं नंतर. दारात क्षणभर थांबायची, नजर डावीकडून उजवीकडे एकदाच फिरायची आणि ओठ किंचित हलायचे. मंडळाच्या गणपतीला कम्युनिटी हॉलमध्ये आरती रंगात आलेली असताना ती माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, "एकशे सत्तेचाळीस. आणि मावशी, फायर एक्झिटसमोर कोणीतरी मोदकांचे टब ठेवलेत." टब मीच ठेवले होते. 'घालीन लोटांगण' चालू असताना मला ते हलवायला लागले.

मोजताना ती स्वतःला नेहमी शेवटी धरायची, छातीवर बोट टेकवून. एकदा मी हसले तर म्हणाली, "हसू नको. लोक स्वतःलाच मोजत नाहीत. मग एक कमी येतो आणि सगळे अंधारात त्या एकाला शोधत बसतात. मी पाहिलंय." तिच्या म्हणण्याप्रमाणे वेल्सच्या डोंगरात एका पावसाळी ट्रेनिंगमध्ये आठ जणांनी पाऊण तास असा शोध घेतला होता, आणि हरवलेला माणूस म्हणजे मोजणारा सार्जंट स्वतःच होता.

तिचं खरं नाव रेवा. माझ्या मैत्रिणीची, शुभाची मुलगी. शुभा आणि मी एकाच वर्षी लीड्सला आलो, ती डॉक्टर म्हणून, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत. रेवा माझ्या मांडीवर वाढली म्हटलं तरी चालेल. ती ब्रिटिश आर्मीत लान्स कॉर्पोरल झाली तेव्हा मंडळातल्या एका काकांनी विचारलं, "म्हणजे आपल्याकडचं कोण?" आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता स्वतःच ठरवलं, "हवालदार!" ते नाव चिकटलं. ती मला प्रत्येक वेळी सांगायची, "चूक. हवालदार माझ्या दोन पायऱ्या वर असतो." पण मंडळात एकदा पडलेलं नाव संसदेलासुद्धा बदलता येत नाही.

हे "चूक" तिचं खास. ना आवाज चढायचा, ना तोंड वाकडं व्हायचं. डॉक्टर जसं नाडी बघून आकडा सांगतात तसं ती म्हणायची, "चूक," आणि लगेच बरोबर काय ते सांगायची. स्वतःच्या बाबतीतही तोच न्याय. एकदा माझा काचेचा जग तिच्या हातून फुटला तेव्हा सॉरी नाही, अय्या नाही. फक्त "चूक: माझी," आणि झाडू कुठे आहे ते विचारलं. मला तर जगापेक्षा त्या दोन शब्दांचाच धक्का बसला. आमच्या पिढीत चूक कबूल करायला दोन-दोन वर्षं लागायची, मध्ये दोन-चार लग्नंही चुकवली जायची.

खरं सांगायचं तर मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही. शेजारणीने दह्याचा डबा न धुता रिसायकलिंगमध्ये टाकला तरी मला दोन मिनिटं बसावं लागतं. तेव्हा मेडिकलचं पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झालेली पोरगी, आईबाप दोघं डॉक्टर, एक दिवस माझ्या किचनमध्ये उभी राहून म्हणते, "मावशी, मी आर्मी जॉइन केली. मेडिक म्हणून," तेव्हा माझं काय झालं असेल याची कल्पना करा. हातातली कणीक तशीच राहिली. मी विचारलं, "बाबांना सांगितलंस?" ती म्हणाली, "आत्ता जाऊन सांगणार. आधी तुझ्यावर प्रॅक्टिस."

तिचे बाबा म्हणजे डॉक्टर श्रीकांत, हाडांचे सर्जन. बोलणं मोजकं, इस्त्री कडक. शुभा गेली तेव्हा रेवा सोळा वर्षांची होती. त्यानंतर त्या दोघांनी एकमेकांना सांभाळत दिवस काढले होते. त्या संध्याकाळी डॉक्टर दोनच वाक्यं बोलले. "या घरात माणसं उरली आहेत दोन. त्यातलं एक तू कमी करते आहेस." मग चार वर्षं त्या घरात आर्मी हा शब्द कोणी उच्चारला नाही. युनिफॉर्म घरात आणायचा नाही हेही न बोलता ठरलं. ती लीव्हवर यायची, बाबांनी केलेला वरणभात जेवायची, घर तापवणाऱ्या बॉयलरबद्दल आणि शेजाऱ्यांच्या हेजबद्दल, म्हणजे झुडपांच्या कुंपणाबद्दल, बोलायची, आणि उरलेला वेळ माझ्याकडे काढायची. बूटसुद्धा माझ्याच जिन्याखाली ठेवायची. मला याचा राग यायचा. दोघांचाही. शहाणीसुरती माणसं, एकाच छपराखाली जेवतात आणि हेजबद्दल बोलतात!

मागच्या वर्षी ईस्टरच्या लीव्हला ती दोन मित्रांना घेऊन माझ्या दारात उभी राहिली. एक डॅनी, बार्न्सलीचा, तांबड्या केसांचा ड्रायव्हर. दुसरा सेमी, फिजी बेटांवरचा, इतका उंच की माझ्या दारातून वाकूनच आत आला आणि बूट काढताना मोजेही काढून घडी करून ठेवले. तिथेच तो मला आवडला. तिघांना महिन्याभरात सहा दिवस एकत्र मिळणार होते, आणि त्यांना युरोप बघायचा होता. "बाबांच्या घरी हे बोलता येणार नाही," रेवा म्हणाली. "तुझं कार्पेट वापरू?"

मला वाटलं कार्पेटवर बसून लॅपटॉप बघतील. मी चहा ठेवून बाहेर आले तर माझ्या फ्रंटरूममध्ये युरोप मांडलेला! लोकरीच्या लाल धाग्याने रेल्वे, स्टीलच्या वाट्या म्हणजे शहरं, माझी निळी चंदेरी ओढणी म्हणजे खाडी. लीड्सच्या जागी प्रेशर कुकर. आल्प्स म्हणून पॅन्ट्रीतून दहा किलो बासमतीचं पोतं ओढत आणलेलं, वर बर्फ म्हणून माझा पांढरा टी-टॉवेल. मी किंचाळलेच. डॅनी झटकन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅम, इट्स हाउ वी डू इट." लढाईला जायच्या आधी म्हणे जमिनीवर असाच प्रदेश मांडतात, आणि सगळ्यांनी त्यावरून एकदा चालून बघायचं असतं. पॅरिसला फिरायला जायच्या आधीही हे करतात हे मात्र मला नवीन होतं.

हवालदार लाटणं हातात घेऊन उभी राहिली आणि तिने प्लॅन सांगितला. लीड्स, लंडन, समुद्राखालच्या गाडीने ब्रसेल्सला दुपारचं जेवण, कोलोनला एक मुक्काम, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला दोन, मिलानला एक, पॅरिसला एक, आणि परत. मिलान डॅनीसाठी, कारण त्याला खरा पिझ्झा खायचा होता. बाझेलहून सेमीला बर्फाचा डोंगर दाखवायचा होता. बाझेलमध्येच आणखी दोन तास तिने रिकामे ठेवले होते. "हे कशाला?" डॅनीने विचारलं. "टास्क आहे," ती म्हणाली. "तिथे गेल्यावर सांगेन." आणि तुला स्वतःला काय बघायचंय, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "मी लीडर. लीडरला इच्छा नसते, मावशी. लीडरला टाइमटेबल असतं."

मग आली तिची खरी आवडती यादी. वहीच्या पानावर वरती लिहिलेलं: असं झालं तर. गाडी चुकली तर. डॅनी हरवला तर. डॅनी पुन्हा हरवला तर. सेमी कोणाच्या लग्नात गायला बसला तर (हे म्हणे सायप्रसला झालेलं होतं). एक नियम सगळ्यांच्या वर, दोनदा अधोरेखित: तिघांपेक्षा कमी कधीच नाही. एकाला लागलं तर दुसरा त्याच्याजवळ बसतो आणि तिसरा मदत आणायला जातो. दोघांत हे होत नाही. रोज संध्याकाळी आठ वाजता जिथे असाल तिथे थांबायचं, मोजायचं आणि ग्रुपवर टाकायचं: तीनपैकी तीन. तिघंही एकाच टेबलावर बसलेले असले तरी.

पानाच्या तळाशी लिहिलं होतं: रिझर्व्ह. त्यापुढे नाव लिहून त्यावर तिने माझ्या ड्रॉवरमधली मास्किंग टेप चिकटवली. तिघांतलं कोणी गळालं तर उभं राहायला चौथं माणूस नेहमी ठरलेलं असतं, असं तिने सांगितलं. "कोण आहे?" मी विचारलं. "गरज पडली तरच उघडायचं." असं म्हणताना ती माझ्याकडे बघून हसली. निदान मला तसं वाटलं.

आता धक्का द्यायची पाळी माझी होती. मी त्यांच्यासाठी पोहे घेऊन आले आणि आल्प्स ओलांडताना सहज विचारलं, "सेमीचा व्हिसा झाला का?"

तिघं माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पोह्यांत साबण घातलाय. डॅनी म्हणाला, "ही डझन्ट नीड वन, मॅम. लास्ट इयर आम्ही जर्मनीला गेलो, एस्टोनियाला गेलो. नोबडी आस्क्ड." सेमीने मान हलवली. मी ताट खाली ठेवलं. भारतीय पासपोर्ट घेऊन या देशात पंधरा वर्षं काढलेल्या बाईला व्हिसाबद्दल कोणी शिकवू नये. पहाटेच्या रांगा, फोटोतला कान दिसत नाही म्हणून परत पाठवलेला अर्ज, ट्यूलिप बघायला जायची इतकी वर्षं राहून गेलेली सहल, सगळं मला आठवलं. मी विचारलं, "जर्मनीला कोणी पाठवलं होतं? आर्मीने. आर्मीचं कार्ड, आर्मीचा हुकूम. आता कोण पाठवतंय? आता तू फिजीचा टूरिस्ट."

रेवाने फोनवर बघितलं. मग फोन सेमीच्या हातात दिला. मी जिंकले होते आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. या देशासाठी बंदूक घेऊन बर्फात झोपणाऱ्या माणसाला सुट्टीत पलीकडे पिझ्झा खायला जायचं तर हॉटेलची बुकिंगं आणि साहेबाचं पत्र दाखवावं लागतं, हे त्या तिघांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. बॅगेचा पट्टा तुटला तर काय याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. सेमीचे कान लाल झाले होते. तो हळूच म्हणाला, "यू टू गो. रिअली. मला फोटो पाठवा."

"चूक," हवालदार म्हणाली. मग पेन घेऊन तिने यादीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: चूक: माझी. वाट्या गोळा केल्या, लोकर गुंडाळली, तांदूळ परत पॅन्ट्रीत ठेवले. सहल ऑक्टोबरच्या लीव्हवर गेली. डॅनीने कुरकुरही केली नाही. मला वाटतं, आपल्यासाठीसुद्धा तिने असंच केलं असतं हे त्याला ठाऊक होतं.

मग आमची व्हिसाची मोहीम सुरू झाली. माझी जुनी प्लास्टिकच्या कप्प्यांची फाईल मी माळ्यावरून काढली. सेमी दोन शनिवार माझ्या डायनिंग टेबलावर बसून फॉर्म भरत होता, जीभ बाहेर काढून, शाळेतल्या मुलासारखा. जिथे सगळ्यात जास्त मुक्काम तिथला व्हिसा, म्हणून स्वित्झर्लंडचा. मँचेस्टरला अर्ज द्यायला मी बरोबर गेले, कारण माझा त्या खिडक्यांवर विश्वास नाही. व्हिसा आला तो बरोबर त्या सहा दिवसांचा, पुढे-मागे एक दिवस नाही. सेमीने मला उचलून घेतलं. माझ्या वयाच्या बाईला असं उचलतात का! पण पासपोर्टावरचा तो स्टिकर मी तीनदा बघितला, हे कबूल करते.

त्या उन्हाळ्यात मी आणखी एक गोष्ट केली, तीही सांगून टाकते. चालायचे बूट घेतले. चांगले, घोट्यापर्यंत येणारे. गुडघा दुखतो म्हणून राउंडहे पार्कमध्ये रोज दोन फेऱ्या घालायला लागले. वहीचं ते पान माझ्याकडेच ठेवायला दिलं होतं, आणि रिझर्व्ह म्हटल्यावर माझ्याशिवाय दुसरं असणार कोण? मी टेप उचकटली नाही. एकदा खिडकीशी उजेडात धरून पाहिलं, पण माझी मास्किंग टेप चांगल्या प्रतीची होती.

निघायच्या दोन दिवस आधी, सोमवारी दुपारी, दाराची बेल वाजली. बाहेर हवालदार. युनिफॉर्ममध्ये. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती, फोटोतसुद्धा नाही. गुडघ्याएवढी असल्यापासून ओळखीची पोर, आणि मला एकदम तिला अहो म्हणावंसं वाटलं. ती आत आली, खोलीत नजर फिरवली, "दोन," म्हणाली, आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"माझी लीव्ह कॅन्सल झाली, मावशी. फक्त माझी. एका मेडिकला लागलंय, त्याच्या जागी मी. उद्या संध्याकाळी रिपोर्ट करायचंय."

"कुठे?"

"नाही सांगू शकत."

"किती दिवस?"

तिने फक्त मान हलवली. फोनही लागणार नाही म्हणाली, काही दिवस तरी. मी उगाच टेबल पुसायला लागले. ती मात्र कामाचं बोलत होती. सेमीचा व्हिसा पुढे ढकलता येणार नाही. डॅनी आणि सेमी दोघंच जाणार नाहीत, नियम आहे. "पान काढ," ती म्हणाली. "टेप तू उघड."

मी पान आणलं. लाज वाटते सांगायला, पण थोड्या ऐटीतच आणलं. जिन्याखाली माझे नवे बूट तिच्या बुटांच्या शेजारी ठेवलेले होते. मी टेप सोलली. खाली तिच्या गोल, शाळकरी अक्षरात दोन ओळी होत्या.

रिझर्व्ह: बाबा.
रिझर्व्ह घाबरला तर: मोजायला लावणे.

मी त्या ओळी दोनदा वाचल्या. बुटांबद्दल मी त्या दिवशी तिला काही बोलले नाही, आणि पुढेही नाही. मी म्हटलं, "तूच दे ना त्यांना." ती म्हणाली, "मी फोनवर सांगितलं मी चाललेय. ते बरं म्हणाले. त्याच्यानंतर आम्ही बॉयलरबद्दल बोललो." मग पहिल्यांदा तिचा आवाज हलला. "मी दिलं तर ते नाही म्हणतील. तू दे."

"आणि मी दिलं तरी नाही म्हणाले तर?"

डॅनी हरवला तर, डॅनी पुन्हा हरवला तर, सगळ्याची उत्तरं असलेल्या या मुलीने पान उलटून मागची बाजू बघितली. "ते मी लिहिलं नाही," ती म्हणाली. जाताना तिने मला घट्ट मिठी मारली. बटणं लागली. दारातून तिने एकदा मागे वळून बघितलं, माझ्याकडे बोट केलं, "एक," आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, "दोन." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांकडे गेले. ते बागेत हेज कापत होते, हॉस्पिटलच्या शर्टातच. मी काही प्रस्तावना केली नाही. पान हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि एखादा एक्स-रे बघावा तसं वरून खाली वाचलं. गाड्या, मुक्काम, असं झालं तर. मग त्यांचं बोट बाझेलवर थांबलं. शेवटी ते तळाच्या दोन ओळींपाशी आले.

मला वाटलं आता घडी घालून परत देतील. "नंदाताई," ते म्हणाले, "माझी गुरुवारी चार ऑपरेशन्स आहेत."

"माहितीय मला."

"चार वर्षांत मी एकही रजा घेतलेली नाही."

"तेही माहितीय. अहो डॉक्टर, ती मुलं दोघंच जाणार नाहीत. तिने नियम केलाय."

त्यांनी पुन्हा पानावर नजर फिरवली. मग हेज कापायची कात्री गवतावर ठेवून त्यांनी विचारलं, "या सेमीला झोपेत घोरायची सवय आहे का?" मी म्हटलं, तो गातो. "बरं," डॉक्टर म्हणाले, आणि सहकाऱ्याला फोन करायला आत गेले. मी त्या अर्धवट कापलेल्या हेजपाशी एकटीच उभी राहिले.

बुधवारी सकाळी लीड्स स्टेशनवर डॉक्टर कोट घालून, चाकांची कडक सूटकेस घेऊन आले. डॅनीने ती बघितली, "सर, परमिशन?" म्हणाला, आणि प्लॅटफॉर्मवरच उघडली. तीन इस्त्रीचे शर्ट, टाय, बूटपॉलिश, एक जाडजूड पुस्तक. हवालदारच्या यादीप्रमाणे जे हवं ते रकसॅकमध्ये गेलं, बाकीचं माझ्या हातात. ज्या माणसासमोर ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी चिमटासुद्धा जागचा हलवत नाही, तो माणूस आपले मोजे एका बार्न्सलीच्या पोराला गुंडाळू देत निमूट उभा होता. गाडी सुटताना मी खिडकीतून पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. सेमी त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाला, आणि डॉक्टरांनी बोट उचललं. एक, दोन, तीन. स्वतःला शेवटी.

पुढचं मला डॅनीने सांगितलं, कारण डॉक्टर सांगतील तर शपथ. ब्रसेल्समध्ये ते दहा वाक्यं बोलले. कोलोनमध्ये डॅनी हरवला आणि यादीप्रमाणे सापडला. बाझेलला पोचले तेव्हा ते रिकामे दोन तास आले. "हे कशासाठी ते कॉर्पोरलने सांगितलंच नाही, सर," डॅनी म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "मला माहितीय." आणि ते नकाशा न बघता चालायला लागले. एका अरुंद गल्लीत एक बेकरी होती. तिच्यावरच्या मजल्यावर, रेवाचा जन्म होण्याआधी, ते आणि शुभा सहा महिने एका खोलीत राहिले होते. डॉक्टर तेव्हा हाडं जोडायचं नवं तंत्र शिकायला आले होते, आणि शुभा शेगडीशिवायच्या त्या खोलीत हीटरवर भात शिजवायची. ती गोष्ट लहानपणी रेवाला झोपताना रोज लागायची. शुभा गेल्यावर डॉक्टरांनी ती पुन्हा कधी सांगितली नव्हती. त्या दिवशी बेकरीच्या पायरीवर बसून त्यांनी ती दोन सोल्जरांना सांगितली. हीटरसकट. सेमी रडला म्हणे. डॅनीने तीन पाव खाल्ले.

आणि रोज संध्याकाळी आठला डॉक्टर थांबायचे, मोजायचे आणि मेसेज टाकायचे. ग्रुपवर नाही, थेट मुलीच्या नंबरावर. तीनपैकी तीन. पहिल्या संध्याकाळी कोलोनहून लिहिलेला तो मेसेज चार वर्षांत बॉयलर आणि हेज सोडून तिला पाठवलेला पहिलाच. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मेसेजपुढे एकच टिक होती. गेला, पण पोचला नाही.

सहल संपली. मुलं बॅरॅकला परतली. डॉक्टर पुन्हा हॉस्पिटलला जायला लागले, पण आठ वाजता मेसेज पाठवणं थांबलं नाही. ते डॅनीला आणि सेमीला फोन करायचे, जेवलात का विचारायचे, आणि मग लिहायचे, तीनपैकी तीन. एक टिक. दिवसातून चार वेळा मी बातम्या लावायचे आणि बंद करायचे. स्वयंपाक करावासा वाटेना. जिन्याखाली तिचे जुने बूट होते, त्यांच्यावरून रोज हात फिरवून मी बाहेर पडायचे. मोजत होते मीही. एकोणीस दिवस झाले होते.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. फोन केल्याशिवाय डॉक्टर माझ्याकडे कधी येत नाहीत. दारात ते उभे होते, घरातल्या सपाता घातलेल्या, पावसात, कोट नाही. मी चौकट धरली. शुभा, तुझी पोर, एवढंच मनात आलं, आणि मी त्यांना म्हणाले, "नका सांगू. एक मिनिट नका सांगू."

त्यांनी फोन पुढे केला. मला काही वाचता येईना, चष्मा किचनमध्ये होता. मी फोन लांब धरला. वरपासून खालपर्यंत डॉक्टरांचे मेसेज, एकाखाली एक, तेच दोन शब्द, सगळ्यांपुढे आता दोन-दोन टिक. आणि सगळ्यांत खाली तिचं उत्तर.

चूक. चारपैकी चार.

मी जिन्याच्या पायरीवर बसले, तिच्या बुटांशेजारी, आणि मोठ्याने रडले. मला अजिबात लाज वाटली नाही. डॉक्टर भिजलेल्या सपातांनी माझ्या कार्पेटवर उभे होते, आणि मी काही म्हटलं नाही, यावरून काय ते समजा. थोड्या वेळाने त्यांनी फोन परत घेतला. सर्जनचे हात, पण एक-एक अक्षर शोधायला त्यांना फार वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी तो मला दाखवला, फॉर्म बरोबर भरलाय ना हे सेमी विचारायचा तसा.

चूक: माझी, असं त्यांनी लिहिलं होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, पाठवा.